सुईणीची दुरुस्ती

"सुईणबाई, माझं दूध वाढलं म्हणे. मला बाई पत्ताच नाही!"

दुपारी अडीचच्या सुमारास हा निरोप आला. मुक्ता तेव्हा माझ्या मांडीवर होती, अर्धवट झोपलेली. चार घोट ओढायची, थांबायची, मी जरा हलले की पुन्हा ओढायला लागायची. म्हणून मी हलत नव्हते. उजवा हात तिच्या मानेखाली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याखाली मोबाईल. त्या वर्षी माझं सगळं लिहिणं-वाचणं त्या एका अंगठ्यानं चालायचं.

निरोप पाठवणारीनं स्वतःचं नाव ठेवलं होतं 'कोथिंबीर'.

'बाळंतिणीची खोली' हा आमचा इंटरनेटवरचा मंच. मराठीत, फक्त नव्या आयांसाठी. नाशिकच्या इंदुताईंनी काढलेला. बाळाच्या शीपासून सासूच्या बोलण्यापर्यंत सगळं तिथं लिहिलं जायचं, पण कुणीही काहीही लिहिलं तरी ते एकदम दिसत नसे. आधी आमच्याकडे यायचं. आम्ही वाचायचं, हवं तर दुरुस्त करायचं आणि मग पुढं सोडायचं. हे काम करणाऱ्या आम्ही तिघीजणी. आम्हाला 'सुईणी' म्हणायचे. दुपारची पाळी माझी.

काम देताना इंदुताईंनी फोनवर सगळं समजावलं होतं. "हे बघ ऋजुता, भांडण सोडायचं नाही, औषधाचं नाव सोडायचं नाही. आणि अभद्र बोलणं तर अजिबात नाही. ओली बाळंतीण असते गं. मन म्हणजे कसं, फुंकर मारली तरी हलतं."

"अभद्र म्हणजे शिव्या ना?"

"शिव्या कोण देतंय! आपले साधे शब्द. आपल्या आया कशा बोलायच्या? तांदूळ संपले म्हणायच्या का? वाढले म्हणायच्या. बांगडी फुटली नाही, वाढवली. निघताना जाते नाही, येते. तसंच. यादी पाठवते तुला."

यादी आली. अठ्ठावीस शब्द. डावीकडे बायका लिहितात तो, उजवीकडे आम्ही करायचा तो. "मेली झोपतच नाही" असं कुणी लेकीबद्दल लिहिलं की मी "मेली" काढून "बाई" घालायची. आठवड्याभरात माझ्या अंगठ्याला वळण पडलं. वाचायच्या आधीच शब्द बदललेला असायचा.

कोथिंबिरीनं लिहिलं होतं, "माझं दूध संपलं. चिऊ तीनच महिन्यांची आहे." मी "संपलं" काढून "वाढलं" केलं आणि पुढं सोडलं. खाली अकरा जणींनी अभिनंदन केलं. एकीनं विचारलं, शतावरी कुठली घेतलीस? दुसरीनं बदामाच्या शिऱ्याची कृती मागितली.

मला इतकं हसू आलं की मुक्ता दचकून जागी झाली. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला लिहिलं, "चुकलं हो माझं. लगेच नीट करते."

"राहू द्या. निदान इथं तरी मला दूध आहे."

"असं नका बोलू."

"बोलू नका, लिहू नका, अजून काय काय नको सुईणबाई?" आणि पुढं जीभ बाहेर काढलेलं एक तोंड.

तिथून आमचं सुरू झालं. दुपारी अडीच ते साडेतीन, तिची चिऊ आणि माझी मुक्ता झोपेल तेवढा वेळ. तिचं खरं नाव प्रणिता. बार्शीकडच्या एका गावात सासर. सोलापूरला शास्त्र शाखेची दोन वर्षं झाली होती, तिसऱ्यात लग्न झालं.

मी एकदा विचारलं, "कोथिंबीर का गं?"

"सगळ्यात शेवटी वरनं टाकतात. आणि जेवून झालं की ताटात तेवढीच उरते."

ती अशीच बोलायची. हसावं की काय करावं ते कळायचं नाही. दूध आटल्याचं तिच्या घरात सगळ्यांनी फार मनाला लावून घेतलं होतं. सासू आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या म्हशीला हाय, हिला न्हाई." नवरा हसायचा. हे तिनं मला असंच, गंमत सांगावी तसं लिहिलं होतं. मीसुद्धा हसणारं तोंड पाठवलं. तेव्हा दुसरं काय पाठवायचं ते सुचलं नाही.

एका दुपारी तिचा लांब निरोप आला. "ताई, एक मागू? माझं तेवढं बदलत जाऊ नका. मी लिहीन ते तसंच ठेवा. घरात मी बोलले की सगळे दुरुस्त करतात. दुखतंय म्हटलं की म्हणतात, कुठं दुखतंय, नाटक. झोप येत नाही म्हटलं की म्हणतात, पोरगी झोपू देत नसंल. माझं एक वाक्य माझ्यासारखं राहात नाही हो. इथं तरी राहू दे. मला माझं खोडायचा अधिकार द्या, नाहीतर तुम्ही तरी खोडू नका."

मी इंदुताईंना विचारलं.

"एकीला सूट दिली की चार हजार जणी मागतील," त्या म्हणाल्या. "आणि खोली आपली आहे गं. आलेल्या बाईनं खोलीचं मानायचं."

"पण ती म्हणते..."

"तिला म्हणावं, पान-सुपारी घे, बस, पण अभद्र बोलू नको. तू फार मऊ आहेस ऋजुता. सुईणीनं मऊ असून चालत नाही."

मी प्रणिताला कळवलं, "ताई नाही म्हणाल्या. पण माझ्या पाळीत लिहीत जा. मी हात लावणार नाही. शब्द."

"शब्दाचाच शब्द देताय?" तिनं लिहिलं. "चिऊ उठली. येते."

ही तिची पद्धत होती. प्रत्येक निरोपाच्या शेवटी 'येते'. चिऊ उठली, येते. आत्याबाई हाक मारतात, येते. लाईट गेली, येते. कधी चुकली नाही. मी तिला चिडवलंही होतं, तुला काय गं दुरुस्त करायचं, तू तर यादीच्या वर.

तीन आठवडे मी शब्द पाळला. तिनं लिहिलं, "रडू येतं आणि थांबत नाही." मी तसंच सोडलं. तिनं लिहिलं, "चिऊला उचलायला हात वर होत नाहीत." तेही सोडलं. खाली बायकांनी धीर दिला, आळीव सांगितले, मेथीचे लाडू सांगितले, एकीनं डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. त्यावर प्रणितानं लिहिलं, "इथले डॉक्टर माझ्या सासऱ्यांचे पत्त्यातले भिडू आहेत." पुन्हा सगळ्या हसल्या.

मग तो मंगळवार. मुक्ताला पहिल्यांदा भाताची पेज भरवायची होती, म्हणून माझी आई मिरजेहून आली होती. स्वयंपाकघरातून हाका चालल्या होत्या, "अगं आण तिला, पेज निवली!" माझ्या पाळीची यादी अजून संपायची होती. सतरा जणींचं लिखाण अडकलेलं. मी उभ्या उभ्याच एकेक सोडत होते. त्यात तिचं आलं.

"सगळ्यांनी खूप समजावलंत. सगळं करून बघितलं. चिऊ आता वरचं दूध छान घेते. तिला कुणीही पाजलं तरी चालतं. तुम्ही सगळ्या फार चांगल्या आहात. मी जाते."

वाचून मला आनंद झाला. हे मी लपवणार नाही. मला वाटलं, चला, पोरगी वरच्या दुधाला लागली, हिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. आणि 'जाते' पाहून वाटलं, एरवी इतकी काटेकोर, आज घाईत चुकली. मग दिलेला शब्द आठवला. मनाशी म्हटलं, हे काही बदलणं नव्हे, हे तिचंच तिला परत देणं. मी 'जाते' खोडून 'येते' केलं. पुढं सोडलं. आणि पेज भरवायला गेले.

मुक्तानं पहिला चमचा फुर्र करून आईच्या चष्म्यावर उडवला. आम्ही खूप हसलो.

संध्याकाळी बघितलं तर प्रणिताच्या लिखाणाखाली चौदा प्रतिसाद. "ये ये गं, चिऊचा फोटो घेऊन ये." "लवकर ये, वाट बघतोय." "येताना दोन जुड्या कोथिंबीर आण."

दुसऱ्या दिवशी अडीचला ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी लिहिलं, "कुठं आहेस?" उत्तर नाही. मला वाटलं, माहेरी गेली असेल.

बाराव्या दिवशी दुपारी तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागला. मी इतकी खूश झाले. लिहिलं, "अगं मुली, होतीस कुठं? वरचं दूध लागल्यापासून आम्हाला विसरलीस!"

उत्तर आलं, "मी उज्ज्वला. तिची मोठी बहीण. प्रणिता नाही आता. तुमचा नंबर देता का?"

मी दिला. मुक्ता झोपलेली होती. तिला पाळण्यात ठेवून मी गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

उज्ज्वलाताईंचा आवाज शांत होता. त्या शाळेत शिकवायच्या. मुलांना शब्द लिहायला सांगतात तसं एकेक वाक्य सांगत होत्या. मंगळवारी दुपारी ती शेताकडे गेली. संध्याकाळी शेततळ्यात सापडली. सासरचे म्हणाले, पाणी आणायला गेली, तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकवरून पाय घसरला. पोलिसांनी तसंच लिहून घेतलं.

"मी मानलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पाणी घरात नळाला येतं. पण काल तिचा फोन माझ्या हातात आला. त्यात हे तुमचं उघडलं. त्या दिवशी दुपारी तिनं लिहिलंय, 'मी येते.' आईला वाचून दाखवलं. आई तेव्हापासून तेच धरून बसलीय. येते म्हणली माझी पोर, परत यायचं होतं तिला, देवानं नेली. आता आई म्हणते, चिऊ त्यांच्या घरची, त्यांच्याकडंच राहू दे, उगी भांडण नको."

मी गॅलरीचा गज धरला होता.

"मला चिऊला आणायचंय ताई. ज्या घरात तिची ती गत झाली त्या घरात ते लेकरू ठेवायचं नाही. आणि आईशिवाय मला ते जमणार नाही. आई उभी राहिली तरच भाऊबंद उभे राहतील. म्हणून विचारते. तुमचं दोघींचं बोलणं मी सगळं वाचलं. तुम्ही शब्द बदलता, हे मला कळलंय. हे 'येते' तिनंच लिहिलंय का?"

मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "बघून सांगते."

बघायचं काय होतं? आम्ही दुरुस्ती केली की मूळ शब्द कुठंच उरत नसे. तो फक्त एकाच माणसानं वाचलेला होता.

मी इंदुताईंना फोन केला. रडत रडतच सगळं सांगितलं. ऐकून त्या म्हणाल्या, "रडू नको आधी. दूध उतरायचं नाही."

"ताई, चौदा जणी 'ये ये' म्हणाल्या तिला. 'जाते' वाचलं असतं तर एकीच्या तरी काळजात चर्र झालं असतं. कुणीतरी तिचा नंबर शोधून फोन केला असता. मीच केला असता, नीट वाचलं असतं तर."

"आणि तिनं उचलला असता, हे तुला कुणी सांगितलं? त्या आईला एका शब्दावर झोप लागतेय. तो काढून घेऊन काय देणारेस तिला? सांग, तिनंच लिहिलं."

"खोटं सांगू?"

"तू आधीच सांगितलंयस बाळा," इंदुताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज फुटला होता. "आता फक्त गप्प बस."

मी गप्प बसले नाही, निदान तेव्हा तरी. दुसऱ्या दिवशी माझ्या पाळीत मी प्रणिताचं लिखाण उघडलं आणि 'येते' खोडून 'जाते' केलं. एका अक्षराचं काम. जतन केलं आणि पान पुन्हा उघडून बघितलं.

मी जाते.

आणि त्याच्या खाली, जसेच्या तसे, ते चौदा. ये ये गं. लवकर ये. वाट बघतोय.

मी उज्ज्वलाताईंना फोन केला आणि सांगितलं. कुठलंही कारण दिलं नाही. पेजेचं सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं. "हं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. आज शाळा सुटल्यावर आईला दाखवते."

तासाभरात ते पान नाहीसं झालं. इंदुताईंनी काढलं होतं. माझा सुईणीचा अधिकारही काढला होता. त्यांचा एका ओळीचा निरोप होता, "बाकीच्या बायका वाचून घाबरतील. त्यांचाही विचार केला पाहिजे." त्यांचं अगदीच चूक होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. चार हजार ओल्या बाळंतिणी होत्या. प्रणिता एकटी होती, आणि आता तीही नव्हती.

साडेपाचला उज्ज्वलाताईंचा फोन आला.

"ताई, इथं काहीच दिसत नाही. आईला काय दाखवू?"

मी सांगितलं, काढून टाकलं.

"मग तुम्ही बोला आईशी. माझं ती ऐकणार नाही, तिला वाटतं मी चिऊपायी रचून सांगते. तुम्ही परक्या आहात, तुमचं ऐकेल. बाकी काही बोलू नका. तो एक शब्द सांगा फक्त. बाकी मी बघते."

"सांगते," मी म्हणाले.

फोन हातातून हातात गेला. आधी बांगड्यांचा आवाज आला, मग श्वास. मग एक बारीक, पिकलेला आवाज. "कोन बोलतंय?"

"मी ऋजुता, मावशी. प्रणिताची मैत्रीण."

"पनूची मैत्रीन व्हय. बरं बरं." मग म्हणाल्या, "लेकरूबाळ हाय का तुमाला?"

"आहे. मुलगी आहे."

"जपा तिला. काय म्हनत व्हती वो आमची पनू? शेवटी काय लिवलं तिनं?"

मागं उज्ज्वलाताई उभ्या असाव्यात. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता असं मला वाटत होतं. कदाचित तो माझाच असेल.

"मावशी, तिनं 'जाते' लिहिलं होतं. 'येते' मी केलं. चूक माझी आहे. तिनं 'मी जाते' असं लिहिलं होतं."

त्या म्हणाल्या, अगदी समजुतीनं, लहान मुलीला सांगावं तसं, "न्हाई वो बाई. ती तसं न्हाई म्हनायची. पाच वर्साची आसंल, साळंला निगताना 'जाते' म्हनली, तर उंबऱ्यातनं माघारी आनून बसवली व्हती मी तिला. रडली लई. तवापासनं एक डाव चुकली न्हाई. लगीन होऊन निगाली तवा बी, एवढी रडत व्हती, तरी 'येते आई' म्हनली. ती जाते कशी म्हनंल?"

"मावशी, मी वाचलंय ते."

"तुमी घाईत वाचलं आसंल. लेकरू आसंल अंगावर. व्हतं तसं." त्यांचा आवाज थरथरायला लागला. "येते म्हनली आसंल. व्हय न्हवं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सांगा की वो माय. येते म्हनली न्हवं माझी पनू?"

आत मुक्ता उठली होती आणि रडायला लागली होती. तिचा आवाज ऐकताच माझ्या ब्लाऊजला ओल फुटली, दोन्हीकडून. ती ओल मला अजून आठवते. जणू माझ्यासमोर एक म्हातारी बाई हात पसरून उभी होती आणि तिला हवं होतं ते माझ्याकडे होतं.

"हो मावशी," मी म्हणाले. "येते म्हणाली."

"मंग," त्या म्हणाल्या. आणि रडू लागल्या. इतकं मोकळं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

फोन उज्ज्वलाताईंकडे गेला. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत.

"एक शब्द होता, ताई," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

याला आता नऊ वर्षं झाली. पुढं एकदा, वर्षभरानं, मी धीर करून त्यांना फोन केला. आवाज ओळखून त्यांनी लगेच ठेवला नाही. मी विचारलं, "चिऊ?"

"तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "आई म्हणाली, राहू दे."